बैठकीतले गाणे माजघरात आले



इतिहास म्हटला की लढाया आणि सनावळ्या, असे शाळेत वाटत असे. परंतु आपल्या माजघरालाही इतिहास आहे, आणि त्यातले एक प्रकरण फळीवरच्या रेडिओचे आहे. ते माझ्या आजीकडून मला कळले.

आजीच्या लहानपणी गाण्याची बैठक ही पुरुषांची गोष्ट होती. गाद्या-तक्के, पानाचे तबक, अत्तर, सारे दिवाणखान्यात. घरच्या बायका फार तर दाराआडून ऐकत. गंमत अशी की, आत गाणारी पुष्कळदा बाईच असे! घरंदाज बाईने गाणे ऐकू नये, आणि गाणाऱ्या बाईला घरंदाज म्हणू नये, असा तो न्याय.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालवणारी खाजगी कंपनी तीन वर्षांत बुडाली, आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने काम हाती घेतले. ८ जून १९३६ ला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी उघडले. १९५५ च्या एप्रिलात तेथून 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा आमच्या वाड्यात पहिला रेडिओ आला. त्याला परवाना काढावा लागे, छताजवळ जाळीची एरियल बांधावी लागे, आणि बटन फिरवल्यावर तो तापेपर्यंत वाट पाहावी लागे.

मग आजीचा दिवस रेडिओच्या घड्याळावर चालू लागला. पहाटे ती ओळखीची धून. हिटलरमुळे युरोप सोडून १९३४ साली मुंबईस आलेल्या वॉल्टर कौफमन या ज्यू संगीतकाराची ती रचना, असे सांगतात. मग सनई आणि भक्तिगीते. चूल पेटेपर्यंत भैरव, दुपारी निवडण-टिपण करताना सारंग, दिवेलागणीला यमन. कोणता राग कोणत्या प्रहराचा, हे आजी पुस्तकातून शिकली नाही. कोणत्या कामाच्या वेळी तो लागतो, त्यावरून शिकली. २० जुलै १९५२ ला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. पुढे त्यासाठी शनिवारची रात्र ठरून गेली. झाकपाक झाली की आजी भिंतीला टेकून बसे. दाराआडून ऐकण्याचे दिवस संपले होते. मैफल आता तिच्या पुढ्यात होती.

पण रेडिओचेही सोवळे-ओवळे होते. सूर घसरवत नेणे पेटीवर साधत नाही, म्हणून १९४० साली पेटीला बंदी झाली. ती १९७१ साली सैल झाली. म्हणजे नाटकाच्या पदांबरोबर घरोघर वाजणारी आपली पेटी तीस वर्षे रेडिओच्या दाराबाहेर! १९५२ साली बा. वि. केसकर मंत्री झाले. त्यांनी शास्त्रीय संगीताला मानाचे पान वाढले, परंतु सिनेमाची गाणी मागे सारली. तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे धावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघाली.

पेटी हे निर्जीव वाद्य. माणसांची गोष्ट अधिक दुःखाची आहे. १९४६ साली हंगामी सरकारात नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे आले. ज्यांचे खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे, त्यांना रेडिओवर घेऊ नये, असा दंडक तेव्हा निघाला. त्याची झळ कलावंतिणींच्या घराण्यांतील बायकांना बसली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणे जपले, त्यांनाच दार बंद! सरदारांविषयी मला आदर आहे, पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

तरीही काही जणी टिकल्या. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी. जातीवरून अवहेलना सोसलेल्या गंगूबाई हनगल यांना २००२ साली पद्मविभूषण मिळाले. पुरुष गवई पंडित किंवा उस्ताद होतो, आणि आम्ही मात्र 'बाई'च राहतो, अशी खंत गंगूबाईंनी बोलून दाखवली होती.

आता आजीचे सांगते. तिचा गळा गोड होता. रेडिओवर भजन म्हणण्यासाठी आवाजाची परीक्षा द्यावी, असे तिच्या मनात आले. तिने धीर करून विचारले. "आपल्या घरातल्या बायका रेडिओवर गात नाहीत," एवढेच उत्तर मिळाले. तिने पुन्हा विचारले नाही. एकीला घराणे हलके म्हणून गाऊ दिले नाही, दुसरीला घराणे मोठे म्हणून. दोन्हीकडे गप्प बसली ती बाईच.

म्हातारपणी आजी मला म्हणाली, "रेडिओने माझे कान उघडले गं, गळा मात्र तसाच राहिला."

२६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची 'रागम्' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी निघाली. मोबाईलवरही गाणे ऐकता येते. ऐकण्याची वाण उरलेली नाही. तेव्हा माझी एकच विनंती. आपल्या मंडळात पेटी आहे, भजनाचा वार ठरलेला आहे. पण मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवणाऱ्या कितीतरी जणी मी पाहते. या वर्षी त्यांना पुढे बसवू या. सूर थोडा चुकला तरी कोणी हसू नये. गळा उघडायचे काम आता आपल्याच हाती आहे.