रान, राब आणि कायदा : वसाहतवादाची आपल्या दारातील कथा

‘वसाहतवाद’ हा शब्द आपल्या साहित्यचर्चेत आता चांगलाच रुळला आहे. एम. ए.च्या वर्गात तो उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर आफ्रिका येते, फार तर निळीचे मळे आणि १८५७ चा उठाव येतो. मूळ रहिवाशांच्या जमिनी, अन्न आणि चालीरीती हिरावल्या गेल्याचा विषय निघाला की आपण अमेरिकेकडे किंवा ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवतो. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून शहाड, आंबिवली, टिटवाळा अशी स्थानके ओलांडताना तीच कथा रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे, हे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. उल्हास नदीकाठच्या मोहन्यापासून शहापूर, मुरबाड, जव्हार, डहाणूपर्यंतचा हा मुलूख कातकरी, ठाकूर, वारली आणि महादेव कोळी यांचा. त्यांच्या वाट्याला आलेला वसाहतवाद पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांच्या वाट्याला आलेल्या वसाहतवादाहून अगदी निराळा होता.

युरोपीय सत्तांच्या हेतूंविषयी पाठ्यपुस्तकांत एक ठरलेले उत्तर असते : व्यापार, धर्म आणि साम्राज्य. उत्तर कोकणाच्या इतिहासात या तिन्हींचे मिश्रण कसे बदलत गेले ते स्पष्ट दिसते. १५३४ साली पोर्तुगीजांनी वसई मिळवली तेव्हा व्यापाराच्या गलबतांबरोबर क्रूसही आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ते पर्व संपले. १८१८ च्या सुमारास पेशवाईचा अस्त होऊन हा प्रदेश कायमचा इंग्रजांकडे गेला. इंग्रजांना येथील आदिवासींचा धर्म बदलण्याची फारशी घाई नव्हती. त्यांना महसूल हवा होता आणि पुढे लाकूड हवे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि १८६५ पर्यंत थळ घाट चढून गेली. रुळांखाली घालायच्या लाकडांसाठी, इमारतींसाठी आणि वाढत्या मुंबईच्या चुलींसाठी सह्याद्रीच्या उतारावरील रानाला एकाएकी ‘किंमत’ आली. ज्याला किंमत असते त्याला मालकही लागतो. तो मालक सरकार झाले.

१८६५ चा वन कायदा हे पहिले पाऊल, तर १८७८ चा कायदा हे निर्णायक पाऊल. दुसऱ्या कायद्याने रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. राखीव रानात परवानगीवाचून केलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरू लागली. या कायद्यामागील युक्तिवाद साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष देऊन पाहावा असा आहे, कारण तो मुख्यतः शब्दांचा खेळ होता. बेडन-पॉवेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, पिढ्यान्‌पिढ्या लोक रानात जात आले हा त्यांचा ‘हक्क’ नव्हे, ती राजाने दिलेली ‘सवलत’ होय, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. मद्रास सरकारने अशा धोरणाला विरोध केला होता. म्हणजे खुद्द राज्यकर्त्यांतही या युक्तिवादाविषयी एकमत नव्हते. तिकडे ऑस्ट्रेलियात ‘कोणाचीच नसलेली भूमी’ ही कल्पना लढवून मूळ रहिवाशांचे अस्तित्वच कायद्याने पुसले गेले आणि ती कल्पना तेथील न्यायालयाने १९९२ पर्यंत रद्द केली नाही. इकडे अस्तित्व नाकारले नाही, हक्क तेवढा नाकारला. परिणाम बराचसा एकच झाला.

या एका शब्दबदलाचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला? कोकणातला भातशेतकरी रोपे टाकण्यापूर्वी झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतो. त्याला राब म्हणतात. राखीव रानातली डहाळी तोडणे बंद झाले की राब अडतो, राब अडला की रोप अडते. डोंगरउतारावरची दळी, म्हणजे ठाकूर-कातकऱ्यांची फिरती शेती, वनखात्याच्या लेखी निव्वळ नासधूस ठरली. खैरापासून कात काढणे हा ज्यांचा व्यवसाय आणि ज्यांच्या नावातच तो कात, त्या कातकऱ्यांना खैरावर कोयता चालवणे चोरी ठरले. असंतोष एवढा वाढला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगलखात्याच्या जाचावर कोरडे ओढले ते याच सुमारास, १८८३ मध्ये. हा ग्रंथ आपण जातिव्यवस्थेच्या संदर्भात वाचतो. रानाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही तो वाचायला हवा.

रानानंतर पाळी आली मोहाची. मोहाचे फूल हे आदिवासींचे टंचाईतले अन्न, गुरांचा चारा, आणि त्याची दारू देवकार्यापासून लग्नापर्यंत सर्वत्र लागणारी. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचे काम मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेले. लोक घरी गाळत राहिले तर सरकारी उत्पन्न बुडणार, म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोह कायदा करून फुलांच्या साठवणीवर आणि विक्रीवरच निर्बंध घातले गेले. झाडाखाली पडलेले फूल वेचून घरात ठेवणाऱ्या बाईला त्या कायद्याने संशयित केले. दारूबंदी हा त्यामागचा हेतू नव्हता. दारू प्यावी, पण ती मक्तेदाराच्या दुकानातून विकत घेऊन प्यावी, हा होता. विकत घ्यायला रोकड हवी, रोकड नसली की उधारी, आणि उधारी फिटली नाही की जमीन. अशा पायऱ्या उतरत आदिवासी आपल्याच शेतात कूळ आणि पुढे वेठबिगार झाला. लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने मालकाकडे राबायचे, ही ‘लग्नगडी’ची प्रथा याच जिल्ह्यातली. १९३९ च्या सिमिंग्टन अहवालात खुद्द सरकारी अधिकाऱ्यानेच या दैन्याची नोंद केली.

येथे आपल्यासारख्यांना अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. कायदा इंग्रजांचा होता. पण सावकार, जमीनदार, ठेकेदार आणि कचेरीतले कारकून कोण होते? ते बहुतांशी आपल्यातलेच होते. इंग्रजांपूर्वी सारे आबादीआबाद होते असेही नव्हे. वेठ त्याआधीही होती. वसाहतीच्या राज्याने तिला दस्तऐवज, न्यायालय आणि पोलीस पुरवले. त्यामुळे परकीय सत्तेविरुद्धचा लढा आणि वारल्यांचा लढा एकाच रेषेत बसत नाहीत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध जो उठाव झाला, त्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण पोलिसांच्या गोळीला बळी पडले. गोळी साम्राज्याची, पण तिने राखली ती देशी जमीनदारांची सत्ता. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाचे मोल येथे आहे : ते आपल्याला ‘आपण’ आणि ‘परके’ ही सोयीची विभागणी करू देत नाही.

स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा वन कायदा कायम राहिला. मोहन्यात लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढणारा एनआरसीचा कारखाना उभा राहिला, हजारोंना त्याने पोसले, आणि २००९ मध्ये तो बंद पडला. त्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. याच टापूतल्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन दर हंगामाला राबणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या देण्याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे प्रथमच मान्य केले. सवा शतकापूर्वी ‘सवलत’ ठरवलेल्या गोष्टीला त्याने पुन्हा ‘हक्क’ म्हटले. पण तो हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावे गोळा करण्याचे ओझे पुन्हा आदिवासींवरच पडले. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांच्याकडेच आता कागद मागितला जातो.

साहित्याच्या अध्यापकांनी यातून काय घ्यावे? राब, दळी, लग्नगडी हे शब्द आपल्या शब्दकोशांच्या कडेला पडून आहेत. त्यांचे अर्थ ‘बोलीतील शब्द’ एवढ्यावर संपवून चालणार नाही. प्रत्येकामागे एक हिरावलेली वहिवाट आहे. वसाहतवादावरची परकीय पुस्तके विद्यार्थ्यांना जरूर सांगावीत. पण त्याआधी त्यांना विचारावे, की आपले महाविद्यालय ज्या जमिनीवर उभे आहे, तिच्यावर दीडशे वर्षांपूर्वी राब कोण भाजत होते?