मादाम पाश्चर यांची लेखणी

लुई पाश्चर यांचें नांव ठाऊक नाहीं असें सुशिक्षित घर विरळाच सांपडेल. दूध तापवून टिकविण्याच्या रीतीला त्यांचें नांव मिळालें आहे. तिचें मूळ त्यांनीं द्राक्षमद्यावर केलेल्या प्रयोगांत आहे. पिसाळलेलें कुत्रें चावलें असतां टोचावयाची लसहि प्रथम त्यांच्याच प्रयोगशाळेंत तयार झाली. या दोन कामांच्या मध्यें एक रात्र उभी आहे. पहिलें काम केलें तेव्हां पाश्चर धडधाकट होते. दुसरें केलें तेव्हां त्यांचा डावा हात आखडलेला होता आणि डावा पाय ओढीत ते चालत. १९ ऑक्टोबर १८६८ च्या रात्रीं त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय अवघें पंचेचाळीस. पाश्चर यांच्या चरित्रांत या आजाराला थोडीं पानें मिळतात आणि मग चरित्रकार लगबगीनें पुढील शोधांकडे वळतो. त्या थोड्या पानांत रुग्णाच्या उशाशीं जी व्यक्ति बसलेली दिसते, तिच्या कामगिरीकडे मात्र सावकाश पाहण्यासारखें आहे.

मारी लोराँ ही स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठाच्या प्रमुखाची कन्या. १८४९ च्या प्रारंभीं तरुण पाश्चर रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून त्या नगरांत आले, कांहीं आठवड्यांतच त्यांनीं तिच्या वडिलांकडे पत्रानें मागणी घातली, आणि २९ मे १८४९ रोजीं विवाह झाला. प्रयोगशाळेला पहिला मान द्यावा लागेल, हें नव्या गृहिणीला लवकरच कळून चुकलें. तिनें त्याबद्दल कुरकुर केली नाहीं. उलट संध्याकाळीं दिवा लावल्यावर पति सांगे तें ती लिहून घेऊं लागली. प्रयोगांचीं टिपणें, अकादमीकडे धाडावयाचे निबंध, पत्रें, सर्व कांहीं. वीस वर्षांनीं आलेल्या संकटांत हीच संवय उपयोगी पडावयाची होती.

मधल्या काळांत या घरानें पुष्कळ सोसलें. पांच अपत्यांपैकीं तीन मुली लहानपणींच गेल्या: थोरली जान १८५९ मध्यें, दोन वर्षांची कामिय १८६५ मध्यें, आणि बारा वर्षांची सेसिल १८६६ मध्यें. पाश्चर यांचे वडीलहि १८६५ सालींच वारले. त्याच वर्षीं दक्षिण फ्रान्सांतील रेशमाच्या धंद्यावर कोसळलेल्या रोगाचा शोध लावण्याचें काम सरकारनें त्यांच्यावर सोंपविलें. रेशमाचे किडे अंगावर काळे ठिपके पडून मरत होते आणि आलेसच्या आसपासचीं गांवेंच्या गांवें भिकेस लागलीं होतीं. अंडीं घालणारा पतंग सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावा, त्याच्या अंगांत रोगाचे कण आढळल्यास त्याचीं अंडीं टाकून द्यावींत, हा उपाय पाश्चर यांनीं काढला. या कामांत मादाम पाश्चर आणि त्यांची मुलगी मारी-लुईज या दोघी किडे पोसण्यांत व निवडण्यांत तरबेज झाल्या. गृहिणीचें घर आणि पतीची प्रयोगशाळा यांतील भिंत अशी हळूहळू पडत गेली होती.

१९ ऑक्टोबरला सोमवार होता. सकाळींच पाश्चर यांना डाव्या अंगाला मुंग्या आल्यासारखें वाटूं लागलें. तरीहि दुपारीं विज्ञान अकादमींत एका इटालियन संशोधकाचा निबंध वाचून दाखवावयाचा होता, आणि तो टाळावयाचा नाहीं असा त्यांचा हट्ट होता. मादाम पाश्चर यांनीं वाद घातला नाहीं. बाजारांत काम आहे असें निमित्त काढून त्या पतीबरोबर अकादमीच्या दारापर्यंत गेल्या आणि तेथें भेटलेल्या बालार या वृद्ध शास्त्रज्ञाला, परत येतांना यांना एकटें सोडूं नका, अशी विनंति करून आल्या. निबंध नेहमींच्या आवाजांत वाचून झाला. मित्रांच्या सोबतीनें पाश्चर घरीं आले, थोडें जेवले आणि नऊच्या सुमारास निजले. अंथरुणावर पडतात न पडतात तोंच झटका आला. क्षणभर वाचा गेली. ती परत आली तेव्हां त्यांनीं हांक मारली. पुढील चोवीस तासांत डावें अंग हळूहळू लुळें पडत गेलें.

हा मेंदूंत झालेला रक्तस्राव होता. मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर अधिकार चालवितो, तेव्हां इजा उजवीकडे झाली हें उघड होतें. बहुतेक माणसांत भाषेचें केंद्र डाव्या भागांत असतें, ही गोष्ट पॅरिसमधील ब्रोका या शस्त्रवैद्यानें १८६१ ते १८६५ च्या दरम्यान पुढें मांडली होती. पाश्चर यांची वाणी आणि विचारशक्ति वांचली ती या योगायोगानें. वैद्यांच्या हातीं मात्र त्या वेळीं फारसें कांहीं नव्हतें. आंद्राल या नामांकित वैद्यानें कानांमागें सोळा जळवा लावविल्या. आज असा रुग्ण आला तर प्रथम मेंदूचें चित्र घेऊन रक्तस्राव आहे कीं रक्ताची गुठळी आहे हें पाहतात आणि त्यावर उपचार ठरवितात. १८६८ मध्यें जळवांनंतर जें उरलें, तें सगळें घरच्या माणसांनींच करावयाचें होतें.

तें कसें केलें गेलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मादाम पाश्चर यांनीं पहारा एकट्यानें केला नाहीं. जेर्ने, द्युक्लो, रोलँ हे शिष्य आणि बेर्ताँ, सँत-क्लेर दव्हिल हे मित्र पाळीपाळीनें रात्रीं जागत. आपल्याकडे अशा वेळीं घरची बाई दुसऱ्या कोणाला रुग्णाजवळ बसूं देत नाहीं आणि चार आठवड्यांत स्वतःच अंथरूण धरते. मित्रांची मदत घेण्यांत मादाम पाश्चर यांनीं कमीपणा मानला नाहीं. कारण हें काम चार दिवसांचें नव्हे हें त्यांना दिसत होतें.

मग एक अवघड प्रश्न उभा राहिला. रुग्णाचा हात शिशासारखा जड झाला होता, पण डोकें रेशमाच्या किड्यांवांचून दुसरें कांहीं बोलावयास तयार नव्हतें. मित्र दुसरे विषय काढीत आणि ते पुन्हां तेथेंच येत. झटका येऊन पुरता आठवडा झाला नव्हता, तोंच २५ ऑक्टोबरच्या रात्रीं उशाशीं बसलेल्या जेर्ने यांना त्यांनीं एक शास्त्रीय टिपण सांगावयास आरंभ केला. किड्यांच्या दुसऱ्या एका रोगाचा संभव आधींच कसा ओळखावा, हा त्याचा विषय. थांबवावें, तर ज्या एका गोष्टीसाठीं मनुष्य जगूं पाहत आहे तीच हिरावून घ्यावयाची; लिहून घ्यावें, तर दुखावलेल्या मेंदूवर ताण पडून दुसरा झटका येण्याची भीति. जेर्ने यांनीं लिहून घेतलें. सकाळीं पाहिलें तर त्यांत फारशी दुरुस्ती करण्याजोगें कांहीं नव्हतें. तें टिपण अकादमीकडे गेलें आणि रुग्णाची बुद्धि शाबूत आहे, याची घरच्यांना व बाहेरच्यांना एकदमच खात्री पटली.

बाहेरच्यांना ती सर्वांनाच पटली होती असें नाहीं. एकोल नॉर्माल या शिक्षणसंस्थेच्या आवारांत पाश्चर यांच्यासाठीं नवी प्रयोगशाळा बांधण्यास त्याच वर्षीं सुरुवात झाली होती. झटक्याची बातमी लागतांच काम थांबलें. ज्याच्यासाठीं इमारत, तोच जगणार नाहीं, मग खर्च कशाला, असा हिशेब कोणीतरी केला असावा. पाश्चर रोज विचारीत, बांधकाम कोठवर आलें? घरांतून मोघम उत्तर मिळे. पण खोटें फार दिवस लपत नाहीं. आपण मेल्यांत जमा झालों आहों हें त्यांना कळलें, आणि त्या दुःखानें त्यांची प्रकृति पुन्हां खालावूं लागली. भेटीस आलेल्या जनरल फाव्हे यांच्यापाशीं त्यांनीं तें बोलून दाखविलें. ही गोष्ट सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानीं गेली आणि मजूर परत कामावर आले. बरा होत असलेल्या रुग्णाला औषधाइतकीच दुसरी एक गोष्ट लागते: जग आपली वाट पाहत आहे असा विश्वास.

नोव्हेंबरअखेर पाश्चर प्रथमच तासभर खुर्चींत बसले. १८ जानेवारी १८६९ रोजीं, म्हणजे झटक्याला तीन महिने होत असतांना, त्यांनीं पॅरिस सोडून आलेसकडे प्रयाण केलें. रेल्वेच्या डब्यांत त्यांना आडवें निजवून न्यावें लागलें. बरोबर पत्नी आणि दहा वर्षांची मारी-लुईज. सँ-इप्पोलित-द्यु-फोर या गांवीं घेतलेलें घर थंड आणि गैरसोयीचें होतें. तेथें थोड्याच दिवसांत ते दगडी फरशीवर पडले, आणि जी कांहीं सुधारणा झाली होती ती पुष्कळ दिवस मागें गेली. दुसऱ्या कोणी या अपघाताबरोबर पॅरिसची वाट धरली असती. या कुटुंबानें तसें केलें नाहीं. पाश्चर खुर्चींत किंवा अंथरुणावर पडून कामाची आंखणी करीत, सहकारी सूक्ष्मदर्शकाखालीं पतंग तपाशीत, मायलेकी किड्यांची निगा राखीत, आणि दिवस मावळला कीं मादाम पाश्चर लेखणी घेऊन बसत.

त्या वर्षाच्या अखेरीस हें कुटुंब त्रिएस्तजवळच्या व्हिला व्हिचेंतिना येथें गेलें. तेव्हां हा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता. आज तो इटलींत आहे. फ्रान्सच्या राजपुत्राची ती जहागीर. रेशमाच्या रोगामुळें तिचें उत्पन्न बुडालें होतें. पाश्चर यांच्या रीतीनें निवडलेलें बियाणें तेथें चांगलें फळाला आलें. पण त्या हिवाळ्यांतील मोठें काम निराळेंच होतें. रेशमाच्या किड्यांच्या रोगांवरील ग्रंथ पाश्चर यांनीं तेथें तोंडानें सांगितला आणि मादाम पाश्चर यांनीं तो उतरून घेतला. १८७० मध्यें तो दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर दोन वर्षांच्या आंत हें घडलें. पहिल्या पानावर नांव अर्थात् एकाचेंच आहे.

पाश्चर पुरते बरे कधींच झाले नाहींत. मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत. परंतु शेजारचे व इतर शाबूत भाग त्यांचें काम कांहीं अंशीं आपल्याकडे घेऊं शकतात, आणि तेंहि तीच तीच हालचाल पुनःपुन्हां केल्यानें, विशेषतः पहिल्या कांहीं महिन्यांत, असें आजचें शास्त्र सांगतें. पाश्चर यांना चालतां येऊं लागलें, पण डावा हात नाजुक प्रयोगांच्या उपयोगाचा राहिला नाहीं. तेव्हां त्यांनीं कामाची तऱ्हाच बदलली. पुढील काळांत रू, शांबेरलाँ अशा तरुणांचे हात आणि पाश्चर यांचें डोकें यांची जोडी जमली. १८८१ मध्यें पुयी-ल-फोर येथें मेंढ्यांना काळपुळीची लस टोंचून झालेला प्रसिद्ध प्रयोग, आणि ६ जुलै १८८५ रोजीं नऊ वर्षांच्या जोझेफ मेस्तर याला दिलेली लस, हीं त्याच पद्धतीचीं फळें. ती सुई डॉक्टर ग्रांशे यांनीं टोंचली होती. त्या दिवसांत पाश्चर यांना झोंप नव्हती, आणि मुलांना लिहिलेल्या पत्रांत त्या बेचैन रात्रींची हकीकत देणाऱ्या होत्या मादाम पाश्चरच. त्याच्या आदल्या वर्षीं, विवाहाच्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, त्यांनीं मुलीला कळविलें होतें कीं, तुझे वडील विचारांत गढलेले असतात, बोलतात थोडें, झोंपतात थोडें, पहांटे उठतात. थोडक्यांत, पस्तीस वर्षांपूर्वीं याच दिवशीं सुरू झालेला क्रम अजून चालू आहे. त्या पत्रांत कौतुकहि आहे आणि बारीकसा सुस्काराहि आहे.

ही कथा ऐकून एखाद्या घरीं उगाच आशा वाढूं नये. पाश्चर यांची बुद्धि आणि भाषा वांचली होती. सर्वांच्याच नशिबीं तें नसतें. कित्येकांची वाचा जाते, कित्येकांचा स्वभाव बदलतो, शांत मनुष्य तापट होतो आणि बोलका मनुष्य भिंतीकडे पाहत बसतो. पत्नीला वाटतें, शरीर घरीं आलें पण मनुष्य परत आला नाहीं. पाश्चर यांनाहि १८८७ मध्यें पुन्हां झटका आला आणि त्यानंतर बोलणें जड झालें. सत्तराव्या वाढदिवसाच्या समारंभांत, १८९२ सालीं, त्यांचें भाषण मुलाला वाचून दाखवावें लागलें. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांचा एक हात पत्नीच्या हातांत होता. पहिल्या झटक्याला सत्तावीस वर्षें होत आलीं होतीं.

या सत्तावीस वर्षांचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आलेला आहे. १८८८ मध्यें उघडलेल्या पाश्चर संस्थेंत काम केलेले हाफकिन हे १८९६ च्या प्लेगांत मुंबईस आले, येथेंच त्यांनीं प्लेगाची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्यांचें नांव आहे. ऑक्टोबर १८६८ मध्यें रू द्युल्मवरील त्या घरांत पाश्चर संपले असते, तर तेथून पुढील ही परंपरा कोणत्या रूपानें उभी राहिली असती कोण जाणे.

मादाम पाश्चर यांनीं असाध्य असें कांहीं केलें नाहीं. धोका दिसतांच त्यांनीं वाद न घालतां सोबत केली. जागरणाचा भार दहा जणांत वांटला. अधू हाताकडे न पाहतां शाबूत डोक्याकडे पाहिलें. आणि रुग्णाला झेपेल तेवढें त्याचें काम त्याच्या हातीं परत दिलें. कोणाचें काम ग्रंथ सांगणें असेल, कोणाचें रोजचा हिशेब लिहिणें असेल, तर कोणाचें नुसतें भाजी निवडणें असेल. तें रोज थोडें थोडें परत देत राहणें, हीच त्या लेखणीची शुश्रूषा होती. पतीच्या मागून पंधरा वर्षें जगून, १९१० मध्यें, त्याच २८ सप्टेंबर या तारखेला मादाम पाश्चर निवर्तल्या. संस्थेच्या तळघरांतील समाधिगृहांत त्या पतीजवळ विसांवल्या आहेत.