नावात उरलेले सफरचंद

डेन्मार्कमधील नाताळाच्या एका प्रसिद्ध पदार्थाचे नाव आहे एबलस्कीवर. डॅनिश भाषेत त्याचा सरळ अर्थ 'सफरचंदाच्या चकत्या'. आज मात्र आगमनकाळात एखाद्या डॅनिश घरी ही बशी आपल्यापुढे आली, तर तीत सफरचंदाचा तुकडा सापडेलच असे नाही. सोनेरी रंगाचे, आतून मऊ असे लहान गोल घावन, वर भुरभुरलेली पिठीसाखर, शेजारी मुरंबा आणि मसाले घालून ऊन केलेला द्राक्षासव, असा थाट असतो. पुष्कळ घरी तर ते दुकानातून गोठवलेले आणून नुसते गरम करतात.

नाव खोटे नाही, जुने आहे. पूर्वी खरोखरच सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळीत असत. उत्तरेकडील हिवाळ्यात ताजे फळ मिळणे कठीण. नीट साठवलेले सफरचंद मात्र नाताळापर्यंत टिके. पुढे खळगे असलेला बिडाचा तवा आला आणि पदार्थाचे रूपच पालटले. पीठ मुख्य झाले, सफरचंद लहान तुकडा होऊन पोटात गेले आणि कालांतराने बहुतेक घरांतून तेथूनही नाहीसे झाले. आपले आप्पेपात्र ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या तव्याचे वेगळे वर्णन करून सांगावयास नको.

कॅथोलिक वाचकाला कुतूहल वाटेल ते त्या तव्याच्या नावाचे. त्याला 'मुंकेपान्ने' असेही म्हणतात. 'मुंक' हे ह्या गोल पदार्थाचे दुसरे नाव; नॉर्वेतही तो ह्याच नावाने ओळखला जातो. आणि मुंक म्हणजे मठवासी संन्यासी!

ह्या शब्दामागे केवढा इतिहास उभा आहे! संत आन्सगार हे मठवासी 826 साली डेन्मार्कमध्ये सुवार्ता घेऊन गेले. पुढे तेथे मठ उभे राहिले, त्यांच्या बागा व शाळा बहरल्या. 1536 मध्ये राजा तिसरा ख्रिश्चन ह्याने ल्युथरपंथ हा राज्याचा धर्म केला आणि मठांची मालमत्ता राजसत्तेकडे गेली. 1683 च्या 'डॅनिश कायद्या'ने तर कॅथोलिक धर्मगुरू व मठवासी ह्यांना देशात पाऊल ठेवल्यास देहदंड सांगितला. भूगर्भशास्त्राचा पाया घालणारे कोपनहेगनचे सुपुत्र निल्स स्टेनसन 1667 मध्ये कॅथोलिक झाले, पुढे बिशप झाले; 1686 मध्ये त्यांना मरण आले ते मायभूमीबाहेर, जर्मनीतील श्वेरिन येथे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1988 मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. सर्वांना धर्मस्वातंत्र्य मिळाले ते 1849 च्या राज्यघटनेने. ज्या देशात मठवासी दीडशेहून अधिक वर्षे उजळ माथ्याने राहू शकत नव्हता, त्या देशाच्या चुलीवर त्याच्या नावाचा तवा आहे.

आगमनकाळाचेही असेच झाले. मध्ययुगीन ख्रिस्तसभेत हा उपवासाचा काळ होता. गोडधोड व्हावयाचे ते प्रभूजन्मानंतर. ल्युथरपंथीयांनी आगमनकाळ ठेवला, सक्तीचा उपवास ठेवला नाही. म्हणून एबलस्कीवर आज नाताळाची वाट पाहत नाहीत, डिसेंबर लागताच तव्यावर येतात. अर्थात आपल्या घरीही नाताळाचा फराळ डब्यात जाण्यापूर्वीच चाखला जातो. तेव्हा डॅनिश लोकांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

हे घावन सफरचंद भरून घरी करता येतात. 250 ग्रॅम मैदा, चमचाभर वेलदोड्याची पूड, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, मोठा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करावे. वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील जंगलांतला. डॅनिश नाताळात तो किती मुरला आहे हे पाहून नवल वाटते. तीन अंड्यांतील बलक आणि सुमारे 400 मिलिलिटर दाटसर ताक घालून पीठ सैल भिजवावे. अंड्यांतील पांढरे वेगळे, चांगले फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळावे. पदार्थाचा हलकेपणा ह्यातच आहे. सफरचंदाचे बारीक तुकडे लोण्यासाखरेत परतून गार करून ठेवावेत.

खरे कसब उलटण्यात आहे. आप्पे आपण एकदाच पालथे करतो. येथे तसे चालत नाही. खळग्यात लोणी घालून तो पाऊण भरावा. तळ धरला, वरचे पीठ अजून ओले आहे, अशा वेळी सफरचंद मधोमध ठेवावे आणि विणकामाच्या सुईने घावन फक्त पाव वळवावा. ओले पीठ खाली ओघळते आणि खळग्याला लागून दुसरी भिंत तयार होते. थोड्या वेळाने पुन्हा पाव वळसा. असे करीत गेले की गोळा आपोआप मिटतो आणि सफरचंद आत राहते. आच मंद हवी, नाहीतर बाहेर करपून आत कच्चे राहते. सुई आरपार घालून कोरडी बाहेर आली की उतरवावेत व ऊन ऊनच वाढावेत.