डाटा की डेटा? हसण्याआधी इतिहास बघा

मागं एका सरकारी प्रशिक्षणात बातमीसाठी बसलो होतो. एक ताई उठल्या, "सर, डाटा भरला तरी मोबाइलवर दिसत नाही, कामून?" साहेब म्हणाले, "डाटा नाही हो ताई, डेटा म्हणा." सभागृह हसलं. ताई खाली बसल्या. प्रश्न तसाच राहिला.

आता चूक कोणाची?

शब्द मूळचा लॅटिन. अर्थ 'दिलेलं'. आपल्या 'दत्त' आणि 'दान' या शब्दांच्याच कुळातला. इंग्रजीतही त्याचा एकच उच्चार नाही. इंग्लंडात बहुतेक 'डेटा', अमेरिकेत 'डेटा' अन् 'डॅटा' दोन्ही, ऑस्ट्रेलियात 'डाटा' सर्रास ऐकू येतं. म्हणजे ताईंचा उच्चार अडाणी नव्हता.

मग अल्लीपुरात 'डाटा' कसा रुजला? माझ्या मते याचं उत्तर आपल्या इतिहासात आहे. १८६१ साली मध्य प्रांत झाला, तेव्हापासून १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा हिंदी मुलुखासोबत एकाच कारभारात होता. मुंबई राज्यात आपण आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. राष्ट्रभाषा प्रचार समितीही १९३६ मध्ये वर्ध्यातच उभी राहिली. कचेरी, रेल्वे, बाजार, सगळीकडे हिंदी कानावर. म्हणून आपल्याकडे डाक्टर, कालेज, आफिस. 'डाटा' त्याच रांगेतला. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि हिंदी जाहिरातींनी तो घरोघरी नेला.

गंमत म्हणजे इंग्रज 'जीआयएफ' लिहून मोकळा होतो, उच्चार वाचणाऱ्यानं ठरवायचा. आपल्या देवनागरीत तसं चालत नाही. 'जिफ' की 'गिफ', हे लिहितानाच ठरवावं लागतं. १९८७ मध्ये हा प्रकार बनवणारे स्टीव्ह विल्हाइट २०१३ मध्ये सांगून गेले की उच्चार 'जिफ' आहे. तरी अर्धं जग 'गिफ'च म्हणतं! बनवणाऱ्याचंच कोणी ऐकत नाही, तिथं आपल्या ताईंना कायले टोकता?

बातमीत मी 'डेटा' लिहितो, कारण प्रमाण मराठीत तोच रुळलाय. घरी मात्र "डाटा संपला बाप्पा" असंच म्हणतो. दोन्ही माझेच.

चहाच्या वेळी ताईंना त्यांची अडचण विचारली. त्यांनी भरलेली माहिती नेट नसल्यानं फोनमध्येच अडकली होती, पुढं गेलीच नव्हती. दोन मिनिटांचं उत्तर होतं. उच्चार सुधारण्याच्या नादात ते राहून गेलं.

पुढच्या वेळी आधी प्रश्न ऐकू या. शब्द काय, कळला म्हणजे झालं.