फेस तिथे साबण?

इंग्रजी शब्दकोशात ‘सॅपोनेशियस’ असे एक फारसे न आढळणारे विशेषण आहे. अर्थ साबणासारखे, बुळबुळीत. मूळ लॅटिन ‘सापो’. आपला ‘साबण’ही त्याच कुळातला. गंमत अशी की, इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने ‘सापो’ची नोंद केली ती केस तांबूस करण्याचे द्रव्य म्हणून! गॉल लोक ते चरबी व राखेपासून करीत आणि जर्मनांत बायकांपेक्षा पुरुषच ते अधिक लावत.

पुढे बुळबुळीत शंखजिरे, फेसाळ वनस्पती, इतकेच काय, गुळगुळीत बोलणारा माणूसही सॅपोनेशियस ठरला. आपल्या रिठ्याच्या प्रजातीला लिनियसने ‘सॅपिंडस’ म्हटले, म्हणजे भारतीय साबण.

पण रिठा साबण आहे का? शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा 1823 चा ग्रंथ वाचला की उत्तर मिळते. साबण म्हणजे मेदाम्लाचा क्षार. रिठ्यातले सॅपोनिन तसे नाही; त्याच्या रेणूला शर्करा जोडलेली असते. नावात मात्र ‘सापो’ राहिलाच.

आम्ही वर्गात दोन परीक्षानळ्यांत दुष्फेन पाणी घेतो. एकीत साबणाचा चुरा, दुसरीत रिठ्याचे पाणी घालून हलवतो. पहिलीत पांढरा साका धरतो, दुसरीत फेस येतो.