महाकालाचे मंदिर आणि क्षिप्रेचे पाणी

श्रीमंगेशाच्या महाजनांत रामचंद्र मल्हार सुखटणकर हे नाव आदराने घेतले जाते. 1739 साली पेशव्यांकडून मंगेशी गाव देवस्थानास मिळाला, तो त्यांच्या शब्दावरून. मात्र याच पुरुषाने दूर माळव्यात आणखी एक थोर देवकार्य तडीस नेले, हे पुष्कळ कुटुंबांस ठाऊक नसते. राणोजी शिंद्यांचे दिवाण या नात्याने त्यांनी 1734 च्या सुमारास उज्जयिनीच्या श्रीमहाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. तेराव्या शतकात इल्तुतमिशाने उद्ध्वस्त केलेले ते ज्योतिर्लिंगस्थान पाचशे वर्षांनी पुन्हा उभे राहिले, ते एका मंगेशभक्ताच्या हातून. शिंद्यांच्या अमदानीतच उज्जयिनीच्या सिंहस्थास आजचे वैभव आले, असे मानतात.

हा सिंहस्थ वैशाखात भरतो, आणि माळव्यातील नद्यांना सर्वांत कमी पाणी असते तेही याच महिन्यात. वैशाखात कोरड्या पडणाऱ्या पात्राकाठी लक्षावधी यात्रेकरूंचा मेळा भरविण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. यावरून एवढे खचित म्हणता येते की, त्या काळी क्षिप्रा उन्हाळ्यातही वाहत होती.

ती वाहत होती ती हिमाच्या बळावर नव्हे. इंदूरच्या आग्नेयेस उज्जैनी नावाचे खेडे आहे. तेथील काकरी बर्डी या टेकडीपाशी उगम पावून क्षिप्रा उत्तरेस जाते व सुमारे 195 किलोमीटरचा प्रवास करून चंबळेस मिळते. तिचे सारे धन म्हणजे पाणलोटात पडलेला पाऊस. टेकड्यांवरील झाडी त्याचा वेग मोडी, काळी माती व खालच्या बसाल्ट खडकातील भेगा तो साठवीत, आणि पावसाळा संपल्यावर तेच पाणी झऱ्यांच्या रूपाने महिनोन् महिने नदीस मिळे. गोमंतकातील देवळांच्या तळ्यांचेही गणित निराळे नाही. डोंगरमाथ्यावरची झाडी तुटली की पायथ्याची झर चैत्रातच क्षीण होते, हे जुन्या माणसांस सांगावे लागत नाही.

पावलागणिक पाणी अशी माळव्याची ख्याती होती. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरली. टेकड्या उघड्या पडल्या. गव्हाच्या पाण्यासाठी शेतोशेती कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि जे पाणी उन्हाळ्यात नदीस मिळावयाचे ते हिवाळ्यातच उपसले जाऊ लागले. क्षिप्रेच्याच खोऱ्यातील देवास हे पवारांचे जुने मराठी संस्थान. 1990 च्या उन्हाळ्यात त्या शहरास आगगाडीने पाणी पुरवावे लागले! उज्जैनचा स्वतःचा पाणीपुरवठाही क्षिप्रेवर न राहता मुख्यतः शेजारच्या गंभीर नदीवरील धरणावर येऊन ठेपला. इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी तर उज्जैनच्या वरच त्रिवेणीस क्षिप्रेला मिळते.

यावर शासनाने नर्मदा आणली. ओंकारेश्वर प्रकल्पातील पाणी सुमारे 49 किलोमीटर नळातून, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच चढवून, क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्याची 432 कोटींची योजना 2014 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. 2016 चा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला, हे श्रेय नाकारता येत नाही. तथापि पंप थांबला की नदीही थांबते. 5 जानेवारी 2019 रोजी शनिश्चरी अमावास्येस भाविक त्रिवेणीवर आले, तेव्हा पात्रात स्नानापुरतेही पाणी नव्हते. त्यापायी विभागीय आयुक्त व जिल्हाधिकारी यांची बदली झाली. अधिकारी बदलता येतात, पंचांग बदलता येत नाही.

पुढील काळ अधिक कठीण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले की, मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या. पाऊस असा एकदम कोसळू लागला की उघड्या टेकडीवरून तो तासाभरात वाहून जातो. भूमीस पिण्यास अवकाशच मिळत नाही. ज्या पाणलोटात झाडी, बांध व तळी आहेत, तेथेच त्यातला काही अंश मागे राहतो.

देवासने हे आधी ओळखले. 2006 पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने तेथील शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीचा काही भाग सोडून तळी खोदली. सरकारी खजिन्यापेक्षा शेतकऱ्याचा स्वतःचा हिशेब तेथे कामी आला: कूपनलिकांवर जो पैसा पाण्यात—किंबहुना कोरड्या खडकात—जात होता, तो तळ्यावर घातला तर फिटतो, हे त्याला पटले. टोंककलाँसारख्या गावांतून ही तळी शेकड्यांनी झाली व पुढे जिल्ह्यात त्यांची संख्या हजारांवर गेली. उथळ विहिरींना पाणी आले, आणि रब्बीचे पीक तळ्याच्या पाण्यावर निघू लागले.

आता 2028 च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. कान्हेचे पाणी बंद मार्गाने उज्जैनच्या खाली नेण्याचे, तसेच क्षिप्रेचे पावसाळी पाणी सिलारखेडीच्या जलाशयात साठवून ते उन्हाळ्यात पुन्हा नदीत सोडण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. नर्मदेचे पाणी उसने आणण्याहून क्षिप्रेचेच पाणी क्षिप्रेसाठी राखण्याचा हा विचार अधिक चांगला आहे. उगमाकडील टेकड्यांवर मात्र अद्याप पुष्कळ झाडे लावावयाची आहेत.