मसूरच्या रस्त्यावरून कराडच्या साइटवर : धूळ, पाणी आणि जात

मसूर ते गोरेगाव हा १९०१ सालचा प्रवास आपल्या चळवळीतल्या मुलांना तोंडपाठ असतो. साताऱ्याहून रेल्वेने निघालेला नऊ वर्षांचा भीमराव आणि त्याच्या घरची मुले कराड तालुक्यातल्या मसूर स्टेशनात उतरली. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत मुले निघाली. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून ती रात्र उपाशीच गेली.

हा प्रसंग सांगताना आपण एक गोष्ट सोडून देतो. मुले निघाली होती कुठे? वडिलांकडे. आणि सुभेदार रामजी गोरेगावला काय करत होते? दुष्काळात माणसे हजारोंनी मरत असताना सरकारने तिथे तलावाचे काम काढले होते, त्या कामावर ते रोखपाल होते. म्हणजे हा प्रवास एका बांधकामाच्या साइटकडे चालला होता. माती वाहणे आणि खडी फोडणे हीच त्या काळच्या दुष्काळी कामांवरची नेहमीची मजुरी.

रस्त्यावर पाणी नाकारले गेले ते आपण इतिहासात नोंदवले. त्या साइटवर जी धूळ माणसांच्या छातीत गेली, ती मात्र नोंदवली नाही. आमचे म्हणणे असे आहे की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. बांधकामावरची दगडाची धूळ रोखायला सगळ्यात आधी पाणीच लागते, आणि हे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही ते पाणी पात्यापर्यंत पोहोचत नाही, कारण त्या पात्यामागे कोण बसणार हे आधीच ठरलेले असते.

ही धूळ करते काय?

दगड, वाळू, काँक्रीट, टाइल यांत क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक रूपातली सिलिका असते. ती कापली, घासली, फोडली की तिचा भुगा उडतो. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकात-घशात अडकते. घातक असतात ते न दिसणारे कण, केसाच्या जाडीपेक्षा दहा-पंधरा पटींनी बारीक. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. तिथे व्रण होतो, व्रणाची गाठ होते, फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. हा सिलिकोसिस. त्यावर बरे करणारे औषध नाही. बहुधा तो दहा-पंधरा वर्षांनी दिसतो, पण धूळ फार असेल तर काही महिन्यांतही माणूस जातो. सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर गाठतो. म्हणून आपल्या वस्त्यांत अशा माणसाच्या केसपेपरवर अनेकदा फक्त ‘टीबी’ एवढेच लिहिले जाते. गोळ्यांचा कोर्स संपतो, धाप संपत नाही. काय काम करत होतास, हे विचारायचेच राहून जाते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. ‘आमच्या आजोबांनी जन्मभर दगड फोडला, त्यांना काही झाले नाही.’ त्यात थोडे तथ्य आहे. कराड-पाटणचा काळा कातळ हा बेसाल्ट, आणि त्यात मोकळे क्वार्ट्झ कमी असते. पण आज कराडमध्ये, मलकापूरमध्ये जी घरे, दुकाने, दवाखाने उभे राहतात त्यांच्या आत आपला कातळ असतोच कुठे? ग्रॅनाइट कर्नाटकातून येतो, त्यात साधारण पाव ते तिसरा हिस्सा क्वार्ट्झ. व्हिट्रिफाइड टाइल गुजरातच्या मोरबीतून येते. महागड्या स्वयंपाकघरातला कृत्रिम क्वार्ट्झचा ओटा तर नव्वद टक्क्यांपर्यंत सिलिकाच असतो. ऑस्ट्रेलियाने अशा कृत्रिम दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली. शिवाय आजोबांच्या हातात छिन्नी-हातोडा होता आणि वर उघडे आकाश. नातवाच्या हातात मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेऱ्या घेणारा ग्रायंडर आहे आणि तो बसलाय बंद बाथरूममध्ये.

माहीत नव्हते असे नाही

१५५६ साली छापलेल्या ग्रंथात अग्रिकोलाने खाणींजवळच्या अशा बायकांची नोंद केली आहे की ज्यांचे एकामागून एक सात नवरे धुळीने गेले. १७०० साली इटलीच्या रामाझिनीने दगडफोड्यांच्या छातीबद्दल लिहिले. १८७० मध्ये विस्कोंतीने ‘सिलिकोसिस’ हे नाव दिले. १९३० साली जोहान्सबर्गमध्ये या एका आजारावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

त्याच वर्षी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट नावाचा बोगदा खणायला सुरुवात झाली. डोंगर जवळजवळ शुद्ध सिलिकाचा. पाणी सोडून ओले ड्रिलिंग करण्याची पद्धत तेव्हा माहीत होती. पण कोरडे ड्रिलिंग भराभर होते, म्हणून कोरडेच केले. आत राबणारे बहुसंख्य मजूर दक्षिणेतून पोटासाठी आलेले काळे लोक होते. १९३६ च्या संसदीय चौकशीत ४७६ मृत्यूंचा आकडा पुढे आला. पुढच्या अभ्यासाने तो ७६४ वर नेला. हा बोगदा युनियन कार्बाइडसाठी खणला जात होता. तेच नाव १९८४ मध्ये भोपाळला आपल्यासमोर आले. ज्यांनी १९७२ साली काळ्या पँथरांकडे पाहून दलित पँथर उभी केली, त्यांच्या वारसांनी हॉक्स नेस्ट विसरून चालणार नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाली उतरले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. तत्त्व साधे होते : कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा कोळसा काढणाऱ्याच्या आरोग्यावर, घरावर खर्च करायचा. जो माल काढतो त्याच्या जगण्याचा खर्च मालाच्या किमतीतच धरला पाहिजे.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत घातला. १९५२ मध्ये खाण कायदा आला. पण कारखान्याला गेट असते, हजेरीपट असतो. खाणीला मालक असतो. बांधकामावरचा मजूर दोन्हींच्या बाहेर राहिला. ज्या कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, त्या कोयनेवरचे धरण १९५४ ते १९६४ या काळात उभे राहिले, डोंगरातून बोगदे काढले गेले. तेव्हा बांधकाम मजुराच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदाच देशात नव्हता. तो यायला १९९६ उजाडले. महाराष्ट्राचे नियम २००७ साली झाले, कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर हा त्या मंडळाचा पाया. बाबासाहेबांच्या कोळसा निधीचेच हे तत्त्व, पन्नास वर्षे उशिरा आलेले.

इतका उशीर का? दगड-मातीचे काम कोणाच्या वाट्याला आले ते पाहा. वडार, जो आजही महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. महार, मांग. विजापूर-कलबुर्गीकडून येणारे लमाण. आता उत्तर भारतातून येणारी दलित-मागास पोरे. बिल्डर, ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशी उतरंड आणि सगळ्यात खाली ही माणसे. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. साइटवर ती विभागणी थेट दिसते. धुळीचे काम जितके जास्त, तितकी जात खालची आणि कागद कमी.

भांडी मिळाली, पाणी नाही

मंडळाने भांड्यांचे संच वाटले, सुरक्षा पेट्या वाटल्या. गरिबाच्या घरात भांडी आली याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण हेल्मेट डोक्याला असते, फुप्फुसाला नसते. १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. टाइल बसवणारी टोळी तीन-चार जणांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी बांधकामासाठी दहाचा तो उंबरठा कायम आहे. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस रोज वेगळ्या मालकाकडे जातो.

मेल्यावर मिळणाऱ्या न्यायाचीही एक गोष्ट आहे. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी गुजरातेत गोध्राजवळ क्वार्ट्झच्या कारखान्यांत कामाला गेले आणि छातीत मरण घेऊन परतले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख द्यावेत असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ साल उजाडले. राजस्थानने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण केले. तसे धोरण महाराष्ट्रातही हवे, पण भरपाई हा लढ्याचा शेवटचा टप्पा आहे. पहिला टप्पा धूळ उडूच न देणे.

करायचे काय?

अमेरिकेच्या २०१६ च्या नियमाने आठ तासांत घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि प्रत्येक यंत्रासाठी उपाय लिहून दिला. उपाय अवघड नाहीत. पाण्याची नळी असलेले कटर वापरायचे. जिथे पाणी चालत नाही तिथे पात्याला झाकण आणि व्हॅक्युम जोडायचा. कापणे उघड्यावर, एका जागी, इतरांपासून दूर करायचे. कोरडा झाडू मारायचा नाही, आधी शिंपडायचे. एन-९५ मास्क सगळ्यात शेवटी, आणि गमछा म्हणजे मास्क नव्हे. साध्या ग्रायंडरवर मात्र कोणी पाणी ओतू नये, शॉक बसेल. ओल्या कामाचे कटरच हवे आणि लाइनला गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा. हा खर्च कारागिराने करायचा नाही, काम देणाऱ्याने करायचा.

‘पाण्याने भिंत खराब होते, काम लांबते,’ असे ठेकेदार म्हणेल. मजुरी फुटावर ठरते म्हणून कारागीरही तेच म्हणेल. म्हणून मागणी त्याच्याकडे नको, निविदेत हवी. नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद यांच्या प्रत्येक कामाच्या अटीत ओले कटिंग आणि त्याचा वेगळा दर लिहून घ्या. अड्ड्यावर नोंदणीचे शिबिर लावाल तेव्हा प्रत्येकाकडून लिहून घ्या : कोणते काम, किती वर्षे, कोणाकडे. दवाखान्यात क्षयाच्या पेशंटबरोबर जाल तेव्हा डॉक्टरला कामाची माहिती केसपेपरवर लिहायला लावा. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे, पण कागद नसेल तर दावा कशावर उभा करणार?

आणि सुरुवात स्वतःपासून करा. आम्ही हे शहाणपण सांगतो खरे, पण आमच्याच विहाराच्या पायऱ्यांना ग्रॅनाइट बसवला तेव्हा तीन दिवस एक पोरगा पांढऱ्या धुरळ्यात कोरडे कापत बसला होता. आम्ही त्याला चहा दिला, फोटो काढले, जय भीम म्हटले. पाण्याचा नळ दहा पावलांवर होता. आम्हाला तो सुचला नाही. दर वर्षी आम्ही तरुणांना आगाशिवच्या डोंगरावर बौद्ध लेणी दाखवायला नेतो आणि धम्म दगडात कोरला गेला असे अभिमानाने सांगतो. कोरणाऱ्याच्या छातीचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मसूरच्या रस्त्यावर ज्यांनी पाणी नाकारले त्यांना आपण सव्वाशे वर्षे जाब विचारत आलो. आता आपल्या दारात पाते फिरत असताना पाणी कोण देत नाही, तेही विचारावे लागेल. विहार असो, समाजमंदिर असो की स्वतःचे घर, जिथे आपण मालक आहोत तिथे एकही पाते कोरडे फिरणार नाही एवढे ठरवू. मग नगरपालिकेच्या दारात जायला आपला आवाज मोकळा असेल.

जय भीम.